‘इमेजेस अँड वर्ड्स’: ठेका सुटतो, स्नेअर खटकतो, बेस सापडत नाही

घोडबंदर_ऐकणारा

मंडळी, ड्रीम थिएटर या अमेरिकी प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचा १९९२ चा ‘इमेजेस अँड वर्ड्स’ सध्या ऐकतोय. ‘सराउंडेड’ आणि ‘अनदर डे’ लगेच मनात बसली, ‘पुल मी अंडर’सुद्धा. पण लोक ज्या दोन गाण्यांसाठी हा अल्बम डोक्यावर घेतात, त्या ‘मेट्रोपोलिस’ आणि ‘लर्निंग टू लिव्ह’मध्ये ठेका हातातून सुटतो आणि मग नुसता वाद्यांचा गलका उरतो. तबल्याचं प्राथमिक शिक्षण झालंय, रूपक आणि झपताल हातावर धरता येतात, म्हणून चुटपुट जास्तच लागते.

तर पहिला प्रश्न, हे मोजायचं कसं? दुसरा, स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या कडक वाजणाऱ्या ड्रमचा) आवाज प्रत्येक ठोक्याला अगदी सारखा येतो, यंत्रातून काढल्यासारखा. फाइल खराब आहे की रेकॉर्डिंगच तसं आहे? ‘पुल मी अंडर’ शेवटी कापल्यासारखं थांबतं, तेही फाइलमुळेच का? आणि तिसरा, बेस गिटार. ती वाजवणाऱ्या जॉन मायंगचं एवढं नाव ऐकलं, पण ठाणे-वाशी गाडीत इअरफोनवर आणि घरच्या जुन्या स्टिरिओवर, दोन्हीकडे बेस जवळपास गायब आहे.

नौपाडा_कॅसेट

फाइल ठीक आहे. ‘पुल मी अंडर’ ८ मिनिटं १४ सेकंदांचं आहे आणि ते मुद्दाम तसंच तोडलेलं आहे. कीबोर्ड वाजवणाऱ्या केव्हिन मूरने शब्द लिहिताना शेक्सपिअरचा हॅम्लेट डोळ्यांसमोर ठेवला होता. गाणं मृत्यूच्या ओढीबद्दल आहे आणि ते मध्येच विझतं, हाच त्याचा शेवट. फक्त तुमच्या अ‍ॅपमध्ये क्रॉसफेड चालू असेल तर आधी तो बंद करा. क्रॉसफेडमुळे पुढचं ‘अनदर डे’ आधीच आत शिरतं आणि त्या तुटण्याचा धक्काच नाहीसा होतो. शफल तर या अल्बमला अजिबात नको.

आता स्नेअर. तुमच्या कानाने बरोबर पकडलंय. निर्माता डेव्हिड प्रेटर याने स्नेअर आणि किक ड्रमवर (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर) ट्रिगर लावले. म्हणजे ड्रमवादक माइक पोर्टनॉय वाजवतो खरा, पण त्याच्या ठोक्याने आधी रेकॉर्ड केलेला एक तयार आवाज सुटतो आणि मिक्समध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या शेवटच्या जुळणीत, तोच पुढे येतो. त्याचा परिणाम दोन ठिकाणी ऐकू येतो. हलका ठोका आणि जोरकस ठोका यांतला फरक कमी होतो, आणि स्नेअरवर काठी नुसती टेकवून काढलेले बारीक ठोके जवळजवळ दिसेनासे होतात. पोर्टनॉयने स्वतः या आवाजाबद्दलची नाराजी उघडपणे बोलून दाखवलेली आहे. टॉम (स्नेअरखेरीज बाकीचे छोटे ड्रम) आणि झांजांकडे कान द्या, त्यांत माणसाचा हात स्पष्ट जाणवतो.

त्याच गाण्यांचे ड्रम वेगळे ऐकायचे असतील तर दोन वाटा आहेत. २००८ मध्ये ‘ग्रेटेस्ट हिट’ नावाचा दोन डिस्कचा संग्रह आला, त्यात ‘पुल मी अंडर’, ‘टेक द टाइम’ आणि ‘अनदर डे’ यांचे २००७ साली नव्याने केलेले मिक्स आहेत. दुसरी वाट म्हणजे ‘लाइव्ह अ‍ॅट द मार्की’, १९९३ साली लंडनच्या मार्की क्लबमध्ये रेकॉर्ड झालेला. त्यावर ‘मेट्रोपोलिस’, ‘सराउंडेड’ आणि ‘पुल मी अंडर’ आहेत. शिवाय ‘बॉम्बे विंडालू’ नावाचा आयत्या वेळी फुलवलेला वाद्यांचा तुकडाही आहे, तो चुकवू नका. पण आधी मूळ अल्बमच ऐका. तो कोरडा स्नेअर एकदा स्वीकारला की मोजायला उलट मदत करतो, कारण प्रत्येक ठोका सारखाच ठसठशीत ऐकू येतो.

सम_कुठे_आहे

तबल्याचं अंग असेल तर अर्धं काम झालेलं आहे. पण त्याच अंगामुळे एक अडचणही येते, ती आधी सांगतो.

आपल्याकडे ताल ठरला की आवर्तन ठरलं. गायक कितीही दूर गेला तरी तबलजी सात म्हणजे सात मात्रा धरून बसलेला असतो आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आपल्या जागेवर येतेच. इथे आवर्तनच बदलतं. तीनदा सात आणि एकदा आठ, लगेच पुढे दोनदा पाच, असा मामला असतो. म्हणून सम ऐकायची सवय ठेवायची, पण पुढची सम किती मात्रांनी येईल याची खात्री सोडून द्यायची. तुमचा ठेका सुटतो तो बहुतेक इथेच. पहिलं आवर्तन तुम्ही बरोबर मोजता आणि दुसरं तेवढंच असेल असं गृहीत धरता.

अशा बदलात बहुतेक वेळा जे कायम राहतं, ते असतं सगळ्यांत लहान एकक. पायाने जो ठोका देता त्याच्या निम्म्या मात्रेत मोजा, म्हणजे आठमांशात. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण पायाचा ठोका पूर्ण मात्रेवर ठेवला तर सात आठमांशांच्या आवर्तनात तो साडेतीन वेळा बसतो. पहिल्या आवर्तनात पाय ठोक्यावर पडतो, दुसऱ्यात दोन ठोक्यांच्या मधोमध, तिसऱ्यात पुन्हा ठोक्यावर. दुसऱ्या आवर्तनात श्रोत्याला वाटतं की आपण चुकलो, म्हणून तो पाय ओढून जुळवून घेतो आणि खरी चूक तिथे होते. पाय तसाच चालू ठेवला असता तर चौदा आठमांशांनंतर आपोआप जुळला असता.

मोजताना १, २, ३ असे आकडे म्हणू नका, वेगात जीभ अडखळते. बोल वापरा. दोनासाठी ‘तक’, तीनासाठी ‘तकिट’. सात म्हणजे ‘तक तक तकिट’ किंवा रूपकाच्या वळणाने ‘तकिट तक तक’. पाच म्हणजे ‘तकिट तक’ किंवा ‘तक तकिट’. कुठली फोड बरोबर ते कागदावर ठरत नाही, गिटारच्या तुकड्यात वजन कुठल्या स्वरावर पडतंय त्यावरून ठरतं. आठ म्हणजे चार वेळा ‘तक’ असेलच असं नाही, ‘तकिट तकिट तक’ हेही आठच. या संगीतात ही दुसरी फोड वारंवार भेटते आणि चाराच्या सवयीच्या कानाला ती विषम मात्रांसारखी भासते.

सरावाला थेट ‘मेट्रोपोलिस’ घेऊ नका. पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ घ्या, त्याचा बेसचा तुकडा सात मात्रांचा आणि सावकाश आहे, तुमच्या हातावर लगेच बसेल. मग डेव्ह ब्रुबेकच्या चमूचं ‘टेक फाइव्ह’, पाच मात्रा, तीन अधिक दोन. ही दोन न अडखळता जमली की ‘लर्निंग टू लिव्ह’ची सुरुवात घ्या. तो कीबोर्डचा तुकडा पंधरा आठमांशांचा आहे. आठ आणि सात असे दोन हिस्से करून मोजून बघा. पंधरा म्हटल्यावर पंचम सवारी हा पंधरा मात्रांचा ताल आठवेल, पण तिचे विभाग आणि वजन इथे लादू नका. आकडा तोच असला तरी चाल वेगळी आहे.

‘मेट्रोपोलिस’चा वाद्यांचा भाग गाण्याची चार मिनिटं उलटल्यावर सुरू होतो. तिथे एका बैठकीत सगळं मोजायचा प्रयत्न करू नका. वीस-पंचवीस सेकंदांचा तुकडा घ्या, अ‍ॅपवर वेग ०.७५ करा. ०.५ च्या खाली गेलात तर तारेवरचा आघात पसरट होतो आणि मात्रेची कड दिसेनाशी होते, मग उपयोग नाही. आता एकच वाद्य धरा, आणि ते ड्रम नको. पोर्टनॉय झांज पुष्कळदा समेच्या अलीकडे-पलीकडे मारतो, तिच्यावर विसंबलात तर फसाल. गिटार किंवा कीबोर्डचा जो तुकडा पुन्हा येतोय तो धरा. तो जिथून पुन्हा सुरू झाला ती सम. त्या समेपासून पुढच्या समेपर्यंत आठमांश मोजा आणि कागदावर आकडा लिहा. ओळीने चार-पाच आकडे लिहिले की नक्षी समोर येते.

अजून एक प्रकार ओळखून ठेवा. कधी गिटार सातात फिरत असते आणि ड्रम शांतपणे चारात चालू असतात. अशा वेळी दोघांपैकी कोणीच चुकत नसतं. सात आठमांशांचा तुकडा आठ वेळा वाजला की छप्पन्न आठमांश होतात, म्हणजे चार मात्रांची बरोबर सात आवर्तनं, आणि तिथे दोघे एकत्र येतात. तिहाई (तीनदा म्हटलेला बोल) समेवर उतरताना अंगात जे होतं, तेच इथे होतं. फक्त वाट जास्त पाहावी लागते.

ऐरोली_बेस

बेसच्या दोन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत.

गाडीतलं कारण सोपं आहे. रुळांचा घरघराट खालच्या पट्टीतच असतो आणि तो बेसला झाकून टाकतो. चार तारांच्या बेसची सगळ्यांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झला बोलते, आणि इअरफोन कानात घट्ट बसला नसेल तर पहिली गळते ती हीच पट्टी. सिलिकॉनच्या टोप्या एक माप मोठ्या लावून बघा, नाहीतर फोमच्या घ्या. बोटाने इअरफोन हलकेच आत दाबल्यावर बेस एकदम वाढला तर समजा टोपी लहान पडतेय. बाहेरचा आवाज कमी करणारे (नॉइज कॅन्सलिंग) इअरफोन असतील तर ते या घरघराटावर चांगलं काम करतात, कारण तो एकसुरी आणि खालचा असतो. शेजारच्यांच्या गप्पा किंवा हॉर्न त्याने तेवढे जात नाहीत.

आवाज वाढवणं हा उपाय नव्हे. ८५ डेसिबलला आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन, असं सुरक्षित वेळेचं गणित दर तीन डेसिबलला निम्म्यावर येतं. गाडी बोगद्यातून जात असेल तर आवाज वाढवूच नये. तिथे वाढवलेला आवाज बोगदा संपल्यावर कमी करायचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

घरच्या स्टिरिओसाठी आधी तारा तपासा. एका स्पीकरची लाल-काळी तार उलटी लागली असेल तर दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ढकलतात आणि बेस हवेतच कटतो. ‘वेट फॉर स्लीप’ लावा आणि दोन स्पीकरच्या मधोमध बसा. गायकाचा आवाज समोर एका जागी न येता डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटला तर संशय पक्का. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या मागच्या दोन तारा अदलाबदल करा आणि पुन्हा ऐका. ज्या जोडणीत बेस जास्त, ती बरोबर.

तारा ठीक निघाल्या तर वूफरची (खालचे स्वर काढणाऱ्या मोठ्या भोंग्याची) जाळी काढून कडेचं वर्तुळ बघा. जुन्या स्पीकरला तिथे फोम असतो आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तो चुरा होतो. बोट लावल्यावर भुगा पडला तर नवीन वर्तुळ चिकटवून मिळतं, सबंध स्पीकर टाकायची गरज नाही.

एवढं करूनही मायंग लगेच वेगळा ऐकू येणार नाही. या मिक्समध्ये बेस पुष्कळ ठिकाणी जॉन पेट्रुचीच्या गिटारचाच तुकडा खालून वाजवतो, म्हणून दोन्ही मिळून एकच जाड गिटार वाटते. इक्वलायझरवर ६० हर्ट्झ चढवू नका, त्याने किक ड्रम फुगतो आणि बेस आणखी बुडतो. ७०० ते १००० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल वाढवा. बोट तारेवर घासल्याचा आवाज तिथे असतो, आणि त्या आवाजाचा माग काढत कान खालच्या स्वरापर्यंत पोचतो. ऐकायला सुरुवात ‘मेट्रोपोलिस’मधल्या त्या छोट्या तुकड्यापासून करा जिथे मायंग दोन्ही हातांची बोटं तारांवर आपटून एकटाच वाजवतो. मग ‘टेक द टाइम’ची सुरुवात, आणि शेवटी ‘लर्निंग टू लिव्ह’. त्याचे शब्दही मायंगचेच आहेत.

राम_मारुती_रोड

मोजण्याबद्दल वर जे लिहिलंय ते बरोबर आहे, पण क्रम उलटा हवा असं माझं ठाम मत आहे. आधी सुरावटी पाठ करा, मात्रा नंतर. सुरावट गुणगुणता येऊ लागली की मात्रा तिच्या आतच असतात, त्या वेगळ्या शोधाव्या लागत नाहीत.

‘वेट फॉर स्लीप’ अडीच मिनिटांचं आहे. पियानो, मागे थोडे कीबोर्ड आणि गायक जेम्स लब्रीचा आवाज, बास. ना ड्रम, ना गिटार. लोक त्याला दोन मोठ्या गाण्यांमधला विसावा समजून सोडून देतात आणि त्याबरोबर शेवटच्या गाण्याची किल्ली सोडून देतात. त्यातली पियानोची फिरती सुरावट डोळे मिटून गुणगुणता येईपर्यंत ऐका. लगेच ‘लर्निंग टू लिव्ह’ लावा. दोन्ही मिळून चौदा मिनिटं होतात. साडेअकरा मिनिटांच्या त्या गाण्यात ती सुरावट पुन्हा येते, वेगळ्या वाद्यांत, सगळ्या वाद्यमेळाच्या ताकदीने. कुठे, ते सांगत नाही, तुम्हीच पकडा. ती पकडली की हा ‘गलका’ नसून बांधलेली इमारत आहे हे कानाला पटतं.

त्याच गाण्यात सातव्या मिनिटाच्या आसपास लब्री एक स्वर इतका वर नेतो की तिथे हातातलं काम थांबवावं. पाश्चात्त्य पट्टीत तो वरचा एफ शार्प आहे. हा त्याचा ड्रीम थिएटरबरोबरचा पहिलाच अल्बम होता, हे लक्षात ठेवून ऐका.

आणि ‘अनदर डे’ला गोड गाणं म्हणून हातावेगळं करू नका. पेट्रुचीने ते वडिलांच्या कर्करोगाच्या आजारपणावर लिहिलंय. त्यातला सॅक्सोफोन जे बेकेन्स्टाइन याचा, स्पायरो जायरा या जॅझ चमूचा. ज्या बेअरट्रॅक्स स्टुडिओत हा अल्बम झाला, तो स्टुडिओही तेव्हा त्याचाच होता.

ठाणे-वाशी प्रवास जवळपास अर्ध्या तासाचा आहे. पहिली चार गाणी साडेसव्वीस मिनिटांची, नंतरची चार साडेतीस मिनिटांची. जाताना पहिली चार, येताना दुसरी चार. मधून कुठूनही सुरू करण्यापेक्षा हे फार बरं, कारण पाचव्या गाण्यापासून अल्बमची चाल खरोखरच बदलते.

घोडबंदर_ऐकणारा

सगळ्यांचे आभार. डाव्या स्पीकरच्या तारा बदलल्या, बेस आला. क्रॉसफेड चालू होता, बंद केला. आता दोन गोष्टी अजून. भाची दोन वर्षांपासून गिटार शिकतेय, तिला यातलं काय हाताला धरता येईल? आणि हा अल्बम पचल्यावर पुढे काय ऐकू?

दोन_हात_सहा_तारा

‘अंडर अ ग्लास मून’मधल्या सोलोकडे (गिटारच्या एकट्या तुकड्याकडे) सगळे धावतात. पाचव्या मिनिटाच्या सुमारास येतो तो. दोन वर्षांच्या हाताने त्याला हात घालू नये. त्यात एकामागोमाग वेगळी तंत्रं येतात आणि प्रत्येक तंत्रासाठी उजव्या हाताची पकड बदलावी लागते. एक तंत्र कच्चं असेल तर पुढच्याची सुरुवातच उशिरा होते.

‘पुल मी अंडर’च्या सुरुवातीपासून लागावं. आधी स्वच्छ आवाजातला सुट्या स्वरांचा तुकडा, मग त्याच गाण्यातले डिस्टॉर्शनचे (फाटक्या, जाड आवाजाचे) तुकडे, तळहाताची कड ब्रिजजवळ (तारा खाली जिथे अडकवतात तिथे) तारांवर टेकवून. तळवा ब्रिजपासून पुढे सरकला तर स्वर मरतो, फार मागे गेला तर तारा मोकळ्या घुमतात. चार-पाच मिलिमीटरचाच खेळ आहे. गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारी कळ) कमी ठेवावा, घरच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरवर निम्म्याच्याही खाली. जास्त गेनमध्ये चुकीचा आघातही बरोबर वाटतो आणि हात बिघडतो.

मेट्रोनोमचा (ठेका देणाऱ्या यंत्राचा) ठोका आठमांशावर लावावा, कारण वर सांगितलंच आहे. दोन आवर्तनांचा तुकडा घ्यायचा, मूळ वेगाच्या साठ टक्क्यांवर सुरू करायचा, सलग पाच वेळा स्वच्छ आला की मिनिटाला चार ठोके वाढवायचे. अडलं तर आठ ठोके मागे. खांदा किंवा अंगठा आवळला की त्या दिवशी वेग वाढवायचा नाही, कारण आवळलेल्या हाताने शिकलेला तुकडा आवळलेलाच राहतो.

सम_कुठे_आहे

पुढचं सांगतो. १९९५ चा ‘अ चेंज ऑफ सीझन्स’ घ्या. तेवीस मिनिटांचं हे एकच गाणं ‘इमेजेस अँड वर्ड्स’च्याच काळात रचलं होतं, पण या अल्बमवर आलं नाही. मग थेट १९९९ चा ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’. ‘मेट्रोपोलिस’च्या नावातलं ‘भाग १’ मुळात गमतीने जोडलेलं होतं. श्रोत्यांनी भाग २ मागून मागून तो सबंध अल्बम घडवून आणला. तोपर्यंत केव्हिन मूर गेलेला होता आणि कीबोर्डवर जॉर्डन रूडेस आला होता. त्या अल्बममधलं ‘ओव्हर्चर १९२८’ ऐकताना ‘मेट्रोपोलिस’च्या ओळखीच्या सुरावटी एकेक करून समोर येतील, म्हणून आधीचं गाणं पाठ असायला हवं. ‘होम’च्या सुरुवातीला सतारीसारखा आवाज आहे, तिथे तुमचा कान आपोआप थांबेल.

‘द डान्स ऑफ इटर्निटी’ मात्र मोजायला शेवटी ठेवा. सहा मिनिटांच्या त्या तुकड्यात शंभराहून जास्त वेळा मात्रा बदलतात. आधी त्यातला जुन्या धाटणीचा उडता पियानो कुठे येतो तेवढं ओळखा, मग त्याच्या अलीकडचं, मग पलीकडचं. आणि त्या अल्बमसाठी अ‍ॅपमध्ये गॅपलेस चालू ठेवा. गाणी एकमेकांत सलग जातात, मध्ये अर्ध्या सेकंदाची फट पडली तरी ठेका तुटतो.